तुम्ही आधीच लिहून ठेवलेले नऊ दिवस

सुधाकरराव,

तुम्ही मंगळवारी गेलात. तुमच्या वहीत त्यानंतरचे नऊ दिवस भरलेले आहेत. बुधवार: ताप नाही, हाडदुखी नाही, थकवा नाही, इतर औषध घेतलं नाही. शेरा: त्रास नाही. गुरुवार: तेच. महिना संपेपर्यंत तेच. अक्षर तुमचं, शाई तुमची. पानाच्या तळाशी एक ओळ छापलेली आहे, 'वरील नोंदी मी वाचल्या आहेत', आणि तिच्याखाली जवळच्या व्यक्तीच्या सहीची जागा. तिथली सही माझी आहे.

वही पुण्याच्या इस्पितळाची. रक्ताच्या कर्करोगाच्या आधी माणसाच्या शरीरात एक स्थिती तयार होते. ती असलेल्यांना वेळेआधीच औषध दिलं तर फरक पडतो का, हे तपासणारा एक अभ्यास तिथे चालू आहे. तुम्ही त्यात नाव दिलं होतं, म्हणून ही वही तुम्हाला मिळाली. अभ्यासाचं काम पाहणाऱ्या निकिता मॅडमचा मला फोन आला: वही परत हवी आहे. तुमच्या पत्नी, सुमनवहिनी, म्हणतात, देऊ नका. वही सध्या माझ्या टेबलावर आहे.

तुमची निधनवार्ता मी लिहिली नाही. डेस्कवर कुणीतरी लिहिली आणि सवयीने 'अल्पशा आजाराने' असं घातलं. हे दोन शब्द तुम्ही स्वतः आम्हाला शेकडो वेळा पाठवले होते. बेलापुरात कुणीही गेलं, अगदी बारा वर्षं अंथरुणावर असलेलं, तरी तुमच्या बातमीत ते अल्पशा आजारानेच जायचं. मी ते शब्द काढायचे. आता काढायला तिथे मी नव्हते.

आपली ओळख आवाजाची. मी नगरला जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर, तुम्ही बेलापूरचे वार्ताहर आणि झेरॉक्सच्या दुकानाचे मालक. सुरुवातीला तुमचा मजकूर एसटीच्या पाकिटातून यायचा, मग फॅक्सने, मग मोबाईलवर. फोन मात्र रोजचा. "हॅलो, बाई, बेलापूर." तुम्ही कधी स्वतःचं नाव सांगितलं नाही. पाच वर्षं झाल्यावर तुम्ही ऑफिसात आलात, तेव्हा दारातून आत शिरणारा उंच, वाकून चालणारा माणूस कोण, हे तुम्ही बोलेपर्यंत मला कळलं नव्हतं.

आपलं एकच भांडण होतं आणि ते कधी मिटलं नाही. गावच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आवृत्ती लवकर सुटते म्हणून तुम्ही दुपारीच बातमी पाठवलीत: विद्यार्थ्यांच्या नृत्यांना टाळ्यांचा कडकडाट, पाहुण्यांचं मार्गदर्शन, कार्यक्रम उत्साहात संपन्न. मी ती छापली. संध्याकाळी वारा सुटला, मांडव पडला आणि संमेलन झालंच नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन केला.

"सुधाकरराव, टाळ्या कुणी वाजवल्या?"

"दरवर्षी वाजत्यात, बाई."

"या वर्षी?"

"या वर्षी मांडव पडला. पण ते गावाला म्हाईत न्हाई का? सगळे तिथंच हुते की. पेपरात तरी कार्यक्रम नीट झाला!"

सगळं डेस्क हसलं. मीही हसले. मग मी खुलासा छापला आणि तुम्ही आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीत. आठवड्यानंतर फोन आला: मुख्याध्यापकांनी बातमी फ्रेम करून ऑफिसात लावली आहे. "खुलाशाला कुणी फ्रेम करत न्हाई, बाई. बघा इचार करून."

मी म्हणत राहिले, बातमी म्हणजे जे घडलं ते. तुम्ही म्हणत राहिलात, दरवर्षी जे घडतं ते आधी लिहिलं तर बिघडतं काय? तुमच्या तालुक्यात तुम्ही एकटे असे नव्हता. झेंडावंदनाची बातमी आदल्या दिवशी येते, जयंतीची दोन दिवस आधी. सगळ्या जिल्ह्यात अशीच येते. आम्ही डेस्कवर बसून त्यातली वाक्यं बदलायचो. पद्धत बदलावी असं कुणालाही वाटलं नाही, मलासुद्धा. हे मी आज लिहून ठेवते, कारण पुढे मी तुम्हाला जो दोष देणार आहे, त्यातला काही भाग आमच्याही वाट्याला येतो.

पण मला तुमचा दुसरा दिवसही माहीत आहे. प्रवरेला पूर आला होता आणि पुलावरून एक टेम्पो वाहून गेला. टेम्पोत माणसं होती. कुणी चार म्हणत होतं, कुणी नऊ. बाकीच्या पेपरांच्या वार्ताहरांनी आकडा देऊन टाकला. मी तुम्हाला दर तासाला फोन करत होते, कारण वरून मला दर तासाला विचारणा होत होती. तुम्ही पुलाच्या तोंडाशी भिजत उभे होतात. प्रत्येक वेळी तुमचं एकच उत्तर: "मी मोजले न्हाईत. मी आकडा देणार न्हाई." शेवटी तुम्ही चिडलात. "बाई, जिवंत मानसाला मी मारू का?" आवृत्त्या सुटल्यावर, रात्री उशिरा कळलं, टेम्पोतली सगळी माणसं खालच्या अंगाला बाभळींना धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी फक्त आपल्या पेपरात मेलेल्यांचा आकडा नव्हता. माझ्या नोकरीत मला जे थोडं समाधान मिळालं, त्यात तो अंक आहे. तो तुमच्यामुळे मिळाला. याबद्दल मी तुमचे आभार तोंडावर कधी मानले नाहीत. डेस्कवर ती रीत नव्हती.

म्हणूनच मला हे समजत नाही. दुसऱ्या कुणी ही वही अशी भरली असती तर मी म्हटलं असतं, त्याला खऱ्या-खोट्यातला फरक माहीत नसेल. तुम्हाला माहीत होता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात एक प्रथिन जास्त निघालं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. मी तोवर निवृत्त होऊन श्रीरामपुरात बहिणीकडे राहायला आले होते. तुमचा फोन आला, "बाई, पुण्याला चला. डॉक्टर काय बोलतील ते मला कळंल, पन मी काय ऐकलं न्हाई ते तुमाला कळंल." मी आले. पुढे प्रत्येक वेळी आले.

डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आज कॅन्सर नाही. हाडांच्या मगजात काही पेशी नको तितक्या वाढल्या आहेत. काही लोकांना यातून पुढे कॅन्सर होतो, काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही. कुणाला होईल, हे आम्हाला आधी नक्की सांगता येत नाही. तेच शोधतो आहोत."

तुम्ही म्हणालात, "म्हणजे बातमी अजून घडलेली नाही."

"बरोबर. आणि घडायला लागली तर ती सगळ्यात आधी आम्हाला तुमच्याकडून कळली पाहिजे."

संमतीपत्र बरंच मोठं होतं. बाकीचे लोक शेवटचं पान काढून सही करत होते. तुम्ही बाकावर बसून सगळं वाचलंत, छपाईच्या दोन चुका पेन्सिलीने दाखवल्यात आणि मग सात प्रश्न विचारलेत. त्या कागदात कुठेही 'रुग्ण' हा शब्द नव्हता, 'सहभागी' होता. तो तुम्हाला फार आवडला. परतीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, दवाखान्यातून का? तुम्ही म्हणालात, "दवाखान्यातून, पण पेशंट न्हाई. सहभागी." कंडक्टर म्हणाला, "असू द्या, तिकीट तेवढंच हाय."

औषध कुणाला द्यायचं आणि कुणावर नुसतं लक्ष ठेवायचं, हे संगणक ठरवत होता. तुम्ही लक्ष ठेवण्याच्या गटात आलात. थोडे खट्टू झालात. निकिता मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या गटावाचून औषधाचा उपयोग कळणारच नाही. तुलना करायची कुणाशी?" तेवढ्याने तुम्ही खूश झालात. मग त्यांनी वही दिली आणि दोन गोष्टी दोनदा सांगितल्या. पाठ, कंबर, बरगडी, कुठलंही हाड दुखलं तर त्याच दिवशी फोन करायचा. आणि दुखणं थांबवायची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, कारण या स्थितीत तिचा मार मूत्रपिंडांवर बसतो. मी त्या माझ्या डायरीत लिहून घेतल्या. तुम्ही म्हणालात, "बाई, मला पाठ झालं."

वहीत महिन्याला एक पान होतं आणि प्रत्येक पानावर जवळच्या माणसाची सही लागायची. पहिल्या महिन्यात तुम्ही श्रीरामपूरच्या स्टँडवर मला गाठलंत. चहाच्या टपरीवर वही उघडून पेन हातात दिलंत.

"वहिनींची घ्या ना," मी म्हटलं.

"सुमनला सही मागितली की ती आधी चष्मा हुडकती. मग सगळं वाचत बसती. तुमी मारा."

मी हसले आणि सही केली. वाचलं नाही. मजकूर वाचल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, हे मी डेस्कवर दोन पिढ्यांना शिकवलं. तुमची वही न वाचता सोडली, कारण ती तुमची होती. तुम्ही मला हेच हेरून निवडलंत का? की खरंच वहिनींचा चष्मा सापडत नव्हता? शेवटच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "पुढच्या पानावर बी करून ठिवा, मला यायला जमतंय न जमतंय." पुढचं पान कोरं होतं. मी कोऱ्या पानावर सही केली.

कोऱ्या पानावर सही करून देणाऱ्या माणसाला फसवणं अवघड नसतं. तरीही ती फसवणूकच असते, सुधाकरराव. हे मी शब्द जपून वापरून लिहिते आहे.

खुणा होत्या. तुम्ही कागदाचे गठ्ठे उचलणं सोडलंत. एसटीत एका अंगावर बसायला लागलात. दुकानात मोठं स्टूल जाऊन पाठीची खुर्ची आली. डॉक्टरांनी सगळ्या शरीराचा स्कॅन करायला सांगितला, तो तुम्ही पुढे ढकललात: लग्नसराई आहे, पत्रिकांची कामं आहेत. निकिता मॅडमनी फोनवर विचारलं, "काका, पाठ, कंबर?" मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही म्हणालात, "एकदम ठणठणीत." मॅडमना वाटलं, वही साफ आहे, माणूस साफ बोलतोय, स्कॅन दोन आठवड्यांनी झाला तरी चालेल. दोन आठवडे मिळालेच नाहीत. तुम्हाला नेलं तेव्हा मूत्रपिंडं बंद पडत आली होती आणि पाठीचा एक मणका दबलेला होता. डॉक्टरांनी मला फिल्म दाखवली. त्या म्हणाल्या, हे चार दिवसांचं दुखणं नाही.

इस्पितळात तुम्ही शुद्धीवर होतात, त्या दुपारी मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुमी लगेच फोन लावला असता."

"लावला असता."

"मग मी पेशंट झालो असतो."

मग म्हणालात, "आन मॅडमच्या अभ्यासात माझ्यामुळं वाईट गेलं असतं. एवढं करत्यात त्या आपल्यासाठी."

"सुधाकरराव, वाईट झालं तर तेच त्यांना कळायला हवं होतं. त्यासाठीच तो अभ्यास आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमची नजर मला आठवते. तीत पश्चात्ताप नव्हता, अविश्वास होता. "आसं कुठं आसतंय व्हय, बाई?"

त्या वेळी मला कळलं की तुम्ही काय केलं होतं. तुम्ही तो अभ्यास गावच्या कार्यक्रमासारखा पार पाडत होतात. बोलावणाऱ्याचा मान राखायचा, गालबोट लागू द्यायचं नाही, उत्साहात संपन्न करायचा. जे तुम्हाला चांगलं वागवत होते, त्यांना तुम्ही चांगली बातमी देत होतात. आणि असं करताना तुम्ही त्यांना, वहिनींना आणि मला एकाच वाक्यात फसवत होतात. रोज तेच एक वाक्य.

तुमचा दशक्रिया विधी प्रवरेच्या घाटावर झाला. गर्दी चांगली होती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी म्हणाले, सुधाकररावांनी अखेरपर्यंत आजाराशी झुंज दिली. दुसरे म्हणाले, त्यांच्या लेखणीने कधी असत्याला थारा दिला नाही. तिसऱ्यांनी माईक हातात घट्ट धरला आणि म्हणाले, "चांगल्या धडधाकट मानसाला पुन्याला प्रयोगाला नेलं आन घात झाला." लोकांनी माना हलवल्या. मी बायकांमध्ये बसले होते. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "उंदरावानी औषध टोचत्यात म्हनं."

तुम्हाला त्या अभ्यासात एकही गोळी दिली गेली नव्हती. एकही सुई टोचली नव्हती, रक्त काढायची सोडून. हे त्या घाटावर मला ठाऊक होतं आणि मी उठून बोलले नाही. कारण पुढचा प्रश्न आला असता: मग मेले कशाने?

घरी गेल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. एक पिशवी दिली. तीत वही होती आणि रबर लावलेला एक गठ्ठा: गोळ्यांची रिकामी पाकिटं. दुखणं थांबवायच्या गोळ्या. झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाच्या खोक्यात, तळाशी सापडली.

"ह्या किती महिन्यांच्या आसतील, ताई?" वहिनींनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"तुमाला ठाऊक हुतं?"

"नाही."

"सही तर तुमची हाय."

वहिनी कॉटवर बसल्या. म्हणाल्या, "मला येक दिवस म्हनले आस्ते पाठ दुखती, मी शेकून दिली आस्ती. तेवढं बी न्हाई म्हनले." मग सावरून म्हणाल्या, "वही पुन्याला देऊ नका. आत्ता गाव म्हनतंय, प्रयोगानं मेला. तुमी दिली तर म्हनंल, सोताच्या खोटेपनानं मेला. मी कंचं ऐकू?"

मी पिशवी घेतली आणि बाहेर आले.

ओट्यावर राहात्याचे भाऊसाहेब बसले होते. पुण्याच्या बाकावर आपल्याला नेहमी भेटणारे, पेरूच्या बागेचे मालक, तुमच्याच गटातले. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीतली वही बघितली आणि ओळखली. "माजी बी वही भरायची ऱ्हायली, ह्या गडबडीत," असं म्हणून त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तुमच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स होती.

"हे काय?"

"सुधाकररावांनी दिली काढून. म्हनले, भाऊसाहेब, तुमचा लिहिन्याचा सराव न्हाई, ह्यात बघून भरत जा. लई सोपं पडतं."

"तुम्हाला काही त्रास आहे?"

"न्हाई न्हाई. ह्या बरगडीत जरा कळ मारती. खोकलं की. लई न्हाई."

"वहीत लिहिलंत?"

त्यांनी तुमचा कागद माझ्यापुढे धरला. रागाने नाही, समजावून सांगावं तसा. "ह्यात कुठं लिवलंय, ताई?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्याच पहिल्यांदा बोलल्या. "भाऊसाहेब, उद्या पुन्याला जायचं. कळ मारती ती सांगायची. गोळ्या घेताय का?" भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "किती?" "दुखंल तवा." वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळल्या. "ह्यांना घेऊन जा, ताई. पन ह्यांची वही ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना मी आणि त्यांच्या सूनबाई पुण्याला घेऊन गेलो. त्यांनी डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सांगताना ते लाजत होते, चोरी कबूल करावी तसे. डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळ्या बंद केल्या, स्कॅन केला. बरगडीत आणि एका मणक्यात आजाराने सुरुवात केली होती. मूत्रपिंडं चांगली होती. औषध सुरू झालं आहे. उशीर झालेला नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. भाऊसाहेब आता सहभागी नाहीत, रुग्ण आहेत. इस्पितळात येताजाता लोकांना पेरू वाटतात.

म्हणजे वहिनींनी सुचवलेला मार्ग चालणारा होता. भाऊसाहेब वाचले, तुमची वही माझ्या टेबलावर राहिली, तुमचं नाव राहिलं आणि माझी सहीही झाकलेली राहिली. आठवडाभर मी याच मार्गावर होते. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. हा नियम मी आयुष्यभर निधनवार्तांमध्ये पाळला.

पण त्या वहीतल्या काही महिन्यांच्या नोंदी, प्रत्येक खेपेला उतरवून घेतलेल्या, निकिता मॅडमकडे आधीच पोहोचल्या आहेत. त्यांच्या कागदावर आज असा एक माणूस आहे, ज्याला कधीच काही दुखलं नाही आणि जो अचानक मेला. तो माणूस कधी नव्हता. पुढे कुणी डॉक्टर त्याच्याकडे बघून ठरवेल की हे असंही होतं, न सांगता होतं, विचारून उपयोग नसतो. आणि दुसरी गोष्ट: झेरॉक्सचं मशीन तुमचं होतं, पुण्याच्या बाकावर ओळखी तुमच्या होत्या. तो कागद तुम्ही किती जणांना दिलात, हे मला माहीत नाही. भाऊसाहेबांनाही माहीत नाही.

मी बेलापूरला जाऊन वहिनींना सांगितलं की मी कळवणार आहे. त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "करा. तुमचंच नाव खाली हाय, तुमीच निस्तरा. पन झाल्यावर मला सांगायला येऊ नका." मग मी उठले तेव्हा म्हणाल्या, "च्या घेऊन जा."

आज सकाळी मी निकिता मॅडमना फोन केला. मी माझं नाव सांगितलं, माझी सही सांगितली, कोरं पान सांगितलं, पाकिटांचा गठ्ठा आणि झेरॉक्स सांगितली. बातमी सांगावी तसं सांगितलं, पहिल्या वाक्यात महत्त्वाचं ते. मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या सगळ्यांना आम्ही आजच फोन करतो." मग विचारलं, "ताई, काकांच्या नोंदी कुठल्या तारखेपासून खोट्या आहेत? त्या तारखेच्या आधीच्या तरी ठेवता येतील."

मी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. शाई एकच, अक्षर एकच, वाक्य एकच. एका बैठकीत लिहिलेलं पान कोणतं आणि रोज लिहिलेलं कोणतं, हे ओळखायला मी ओळी न् ओळी तपासल्या. तुमचा मजकूर मी वीस वर्षं नजरेखालून घातला आहे. मला ओळखता आलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग सगळ्याच वगळाव्या लागतील."

"हो."

हे तुम्ही केलंत, सुधाकरराव. ज्यांच्यावाचून अडतं, त्यांतले तुम्ही एक होतात, आणि आता तिथे तुमची एकही ओळ उरलेली नाही. त्या वहीत काही दिवस खरे असणार. तुम्हाला खरोखर काही दुखलं नाही, चांगली झोप लागली, दुकान उघडलंत, मला फोन करून डिवचलंत, आणि वहीत 'त्रास नाही' लिहिलंत ते खरं लिहिलंत, असे दिवस. खोट्यांनी त्यांनाही नेलं.

एक दिवस मला आठवला. वही मिळाल्यानंतरची आपली पहिली खेप. स्वारगेटला उतरल्यावर रिक्षा मिळेना, तर तुम्ही म्हणालात, चालू. तुम्ही माझीही पिशवी घेतलीत आणि माझ्या पुढे चालत राहिलात, ताठ, मध्येमध्ये मागे वळून मला "या, बाई, या" म्हणत. चढ आला तरी थांबला नाहीत. मी माझ्या डायरीतून तारीख काढली आणि वहीत बघितली. त्रास नाही. ही नोंद खरी आहे. मी साक्षीदार आहे, आणि या एका नोंदीखालची सही मी आज वाचून केली असती.

मी निकिता मॅडमना पुन्हा फोन करून तो दिवस सांगितला. त्यांनी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग अगदी हळू म्हणाल्या, "ताई, एका दिवसाचं आम्हाला काही करता येत नाही."